बकरी बसवली

कडोलीच्या वरच्या अंगाला आमचं सव्वा एकर.
भात मळून झालं, पिंजर घरी आलं,
आणि शटुप्पाकाकाचा निरोप:
बकरी आलीत, हुक्केरीकडची. सांगून ठेवू काय?

बेळगावच्या कचेरीतनं मातीचं कार्ड आलं होतं,
सगळं कन्नडात. मी मराठी शाळेची.
देव्हाऱ्यामागं घडी घालून ठेवलं होतं,
नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखं.

मायाप्पा आला, तीनशे तोंडं घेऊन.
रात्रीला चार पायली भात आणि चहापूड, एवढं ठरलं.
तो वाघरीच्या खुंट्या ठोकत होता,
आणि त्याची लेक लगमव्वा
कार्ड उजेडाकडं धरून वाचत होती:
सारजनक, कडिमे.
कमी, ते कळलं. पण काय कमी?
तिनं जरा विचार केला
आणि बकऱ्यांकडं हनुवटी केली.

रात्रभर एक बारीक आवाज,
सुकल्या ढेकळांवर कुणी मूठमूठ हुलगे सांडावेत तसा.
मुताचा वास डोळ्यांत चढणारा.
मी बांधावर बसून उगीच हिशेब करत होते:
हिडकलच्या काठचं गवत,
कुणाच्या तरी तुरीचा पाला,
पाच्छापूरच्या माळावरच्या बाभळीच्या शेंगा,
एवढं सगळं बाराशे पायांवर चालत आलं
आणि इथं येऊन खाली बसलं.
आमचं जातं ते मात्र टेम्पोतनं जातं.
भात रविवार पेठेत, तिथनं गोव्याला,
तिथनं माणसांत,
आणि माणसांतनं पुढं कुठं जातं
ते कुणी परत आणून देत नाही.

दुसऱ्या रात्री एक मेंढी व्याली,
फाटक्या कानाची.
पिल्लू हललं नाही.
मायाप्पानं दोनदा त्याच्या नाकात फुंकलं,
मग मला विचारलं, खालच्या वाफ्यात पुरू काय?
मी कुदळ दिली.
लगमव्वानं मूठभर मीठ मागून नेलं.
मेंढी जाळीतनं तोंड काढून ओरडत होती,
बराच वेळ.
मग रवंथ करायला लागली.

आषाढात रोप लावलं.
भाद्रपदात खालच्या वाफ्यात
घोंगडीएवढा तुकडा वेगळा दिसायला लागला.
काळाभोर, बाकीच्यापेक्षा वीतभर उंच.
निंगव्वा वाटेनं जाताना थांबायची:
काय घातलीस गं तिथं?

दसऱ्याच्या आधीच तो लोळला.
नुसती पात माजलेली, लोंब्या फोल.
एक दाणा दाताखाली धरून बघितला,
दूध भरलंच नव्हतं.

बाकी रान दोन पोती जास्त देऊन गेलं,
खोटं कशाला बोलू.
पण त्या तुकड्याशी विळा आला
आणि मी हात वळवला.
काका म्हणाला, वेडी हाईस, पिंजर तरी घे.

पौषात मायाप्पा परत आला, एकटाच.
लगमव्वाला हॉस्टेलात घातली म्हणाला, चिकोडीला.
वाघर लागायच्या आधीच कळप रानभर पसरला.
ती फाटक्या कानाची मी ओळखली. त्यानंही.
सरळ खालच्या वाफ्यात गेली,
आडव्या पडलेल्या वाळक्या पातीत तोंड घातलं
आणि खात राहिली,
घासाघासानं, पार बुडख्यापर्यंत.
फोल लोंब्यासुद्धा.

आम्ही दोघंही बोललो नाही.
त्यानं तंबाखू मळली, झटकली.
मग विचारलं,
यंदा किती रात्री?

तीन, म्हटलं.

बांधाशी बाभळीचं एक रोप आलंय, बोटभर,
आत्ताच काटे आहेत त्याला.
अजून उपटलेलं नाही.
नवं कार्डही आलंय.
लगमव्वा सुट्टीला येईल तोवर
देव्हाऱ्यामागं असू दे.